अर्धी भुवई, दोन बैठका, चौदा महिने: परमनंट मेकअपचा माझा अभिप्राय

चाई पडल्यामुळे माझ्या डाव्या भुवईचा बाहेरचा अर्धा भाग चार वर्षांपूर्वी पंधरा दिवसांत गळून गेला. त्वचारोगतज्ज्ञांचे उपचार घेतले, भुवईत बारीक सुईने इंजेक्शने घेतली, डोक्यावरच्या चाईच्या जागी केस परत आले. भुवई मात्र अर्धीच राहिली. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. रोज सकाळी सहा वाजता आरशासमोर उभे राहून पेन्सिलने उरलेली भुवई काढायची, ती उजवीशी जुळवायची आणि दुसऱ्या तासानंतर स्टाफरूममध्ये जाऊन ती घामाने पुसली गेली नाही ना हे पाहायचे, असा क्रम तीन वर्षे चालला. ठाण्याच्या एप्रिलमधल्या उकाड्यात कपाळ टिपायचे म्हटले तरी रुमाल भुवईच्या वरच थांबवावा लागे. हे आधी सांगते, कारण या सेवेकडे मी हौसेपोटी गेले नव्हते आणि पुढचे सारे मत त्या गरजेतून आलेले आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत ठाण्यातील एका केंद्रात मी दोन्ही भुवयांचा परमनंट मेकअप करून घेतला. त्याला आता चौदा महिने झाले. केंद्र निवडताना मी पुष्कळ अभिप्राय वाचले होते, पण ते बहुतेक सगळे काम झाल्याच्या दिवशी किंवा त्या आठवड्यात लिहिलेले होते. त्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही. पहिल्या दिवशी दिसते ती भुवई राहणारी नसते. ती कशी दिसणार हे ठरायला दीड महिना लागतो आणि ती कशी टिकते हे कळायला वर्ष जावे लागते. म्हणून मुद्दाम थांबून लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण हे काम पाटीपेक्षा सुई धरणाऱ्या हातावर अवलंबून असते आणि हात बदलला की त्याच पाटीखालचे काम बदलते. कोणत्याही केंद्रात गेल्यावर काय पाहावे, हेच मला सांगायचे आहे.

परमनंट मेकअप म्हणजे मूळात गोंदणच आहे. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट ठिपके होते. मेल्यावर आपल्यासोबत येतो तो एवढाच दागिना, असे ती म्हणायची. काजळीने केलेले ते गोंदण काळेच असणार, पण तिच्या म्हातारपणी ते हिरवे-निळे दिसे. त्याचे कारण मला या निमित्ताने नीट समजले. त्वचेत खोलवर गेलेला काळा रंग वरच्या थरांतून पाहताना निळसर दिसतो, आणि वर्षानुवर्षे त्याचे कण पसरत गेले की रेघ फुगते व रंग पालटतो. भुवईच्या कामात नेमके हेच टाळायचे असते. म्हणून येथे सुई फार खोल नेत नाहीत. आतल्या त्वचेच्या अगदी वरच्या भागात, साधारणपणे एक मिलिमीटरच्या आतच, रंग ठेवतात. त्याहून वर राहिला, तर वरची त्वचा झडते तेव्हा तिच्यासोबत तोही निघून जातो. फार खाली गेला, तर राखाडी-निळा होऊन वर्षानुवर्षे बसतो. मिलिमीटरच्या काही दशांशांच्या या पट्ट्यात हात स्थिर ठेवणे हेच या कामातले खरे कसब आहे, आणि आपण पैसे मोजतो ते मुख्यतः त्यासाठी.

याच कारणाने ‘परमनंट’ हा शब्द गिऱ्हाइकाची दिशाभूल करतो. वरच्या भागातला थोडासा रंग शरीरातील भक्षक पेशी हळूहळू उचलून नेतात, ऊन त्याला फिका करते, आणि एक ते तीन वर्षांत भुवई पुन्हा भरावी लागते. तेलकट त्वचेवर आणि उन्हात वावरणाऱ्यांच्या बाबतीत ती वेळ लवकर येते. पण तो रंग पूर्णपणे नाहीसा होईल असेही कोणी खात्रीने सांगू शकत नाही. कित्येकांच्या भुवईवर फिकट छटा अनेक वर्षे उरते. टिकण्याच्या अर्थाने हे काम कायमचे नाही आणि पुसण्याच्या अर्थाने तात्पुरतेही नाही, ही दोन्ही वाक्ये मनाला पटल्याशिवाय कोणी खुर्चीत बसू नये.

आधी मी घराजवळच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये चौकशी केली होती. तेथे त्या महिन्यात सवलत चालू होती. भिंतीवर तीन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. माझ्या भुवईचे केस का गेले, हे तेथे कोणी विचारले नाही. मला मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, जखमेचा वण फुगतो का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. मी सुई पाहायला मागितली तेव्हा ट्रेमधून पाते बसवलेले पेन उचलून दाखवण्यात आले. त्याचे पाकीट आधीच फोडलेले होते. “आवडलं नाही तर लेझरनं पुसून देऊ, मॅडम, काही टेन्शन नाही,” असे आश्वासनही मिळाले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत गंभीर वाटते. भुवईच्या तपकिरी रंगात बहुधा लोहाचे ऑक्साइड असतात, आणि छटा फिकी करण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेले असते. अशा रंगावर लेझर पडला की तो फिका होण्याऐवजी क्षणात काळवंडूही शकतो, आणि मग ते निस्तरायला अनेक बैठका लागतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याने सुई हातात धरू नये, आणि ज्याला ठाऊक असूनही तो असे आश्वासन देतो त्याच्याकडे तर मुळीच जाऊ नये. मी चहा अर्धा ठेवून उठले.

दुसऱ्या केंद्रात मला पहिल्या भेटीत काम करूनच मिळाले नाही, आणि माझा विश्वास बसला तो त्यामुळेच. तेथील ताईंनी चाईचे नाव ऐकताच त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी मागितली. आजार किती दिवसांपासून शांत आहे, नवा चट्टा उमटला का, डोक्यावर औषध लावते का, हे सारे लिहून घेतले. कानामागे रंगाचा आणि बधिर करणाऱ्या मलमाचा ठिपका लावून दोन दिवस पाहायला सांगितले. कान टोचल्यावर पाळीवर गाठ आली होती का, असे विचारले. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत वण फुगण्याची आणि जखमेच्या जागी काळा डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. कानाच्या पाळीवरून तिचा अंदाज येतो, असे त्या म्हणाल्या. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेत असल्यास काही महिने थांबावे लागते आणि गरोदरपणात हे काम करत नाहीत, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

त्यानंतर त्यांनी तारखा विचारल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या भाच्याचे लग्न होते. तेव्हा त्या म्हणाल्या, “मग लग्न होऊन जाऊ दे, मॅडम. घरची हळद आहे, तुम्ही बाजूला उभ्या राहणार नाही, आणि कोणीतरी गालाला लावता लावता कपाळालाही लावणारच. ओल्या जखमेत हळद गेली तर रंग काय बसेल, ते मलाही सांगता येणार नाही.” हातातले गिऱ्हाईक दोन महिने पुढे ढकलणारी व्यक्ती मला या व्यवसायात पहिल्यांदाच भेटली होती. हळदीला खरोखरच माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा पिवळा झाला, तेव्हा मला त्यांचे शब्द आठवले.

मी मायक्रोब्लेडिंग करायचे ठरवून गेले होते. त्यात एका ओळीत बसवलेल्या अतिशय बारीक सुयांच्या पात्याने हातानेच केसासारखे छेद देतात आणि त्यांत रंग भरतात. छायाचित्रांत तेच सर्वांत नैसर्गिक दिसते. ताईंनी माझ्या कपाळावर टिपकागद दाबला आणि तो खिडकीपाशी धरून मला दाखवला. तेलाचा डाग स्पष्ट उमटला होता. तेलकट त्वचेत हे बारीक छेद वर्षभरात एकमेकांत मिसळतात आणि केसांऐवजी सलग पट्टा दिसू लागतो, असे त्यांनी सांगितले. त्याऐवजी यंत्राच्या एका सुईने ठिपक्याठिपक्यांनी हलकी छटा भरायची, आणि भुवई जिथे सुरू होते तिथे तेवढे थोडे केस रेखायचे, असे ठरले. चौदा महिन्यांनंतर सांगते की हा सल्ला पूर्णपणे बरोबर होता. माझ्याच महाविद्यालयातील एका सहकारी बाईंनी त्याच सुमारास दुसरीकडे पात्याचे काम करून घेतले. त्यांची त्वचाही माझ्यासारखीच तेलकट आहे, आणि त्यांच्या भुवईतले केस आज वेगळे ओळखू येत नाहीत.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी मी एकूण सव्वातीन तास खुर्चीत होते, आणि त्यांतला पहिला सव्वा तास सुईला हातही लागला नाही. तो सारा वेळ मोजमापात गेला. सुतार फळीवर सूत मारतो तसा रंगवलेला दोरा ताणून त्यांनी कपाळावर उभ्या-आडव्या रेघा उमटवल्या: नाकपुडीच्या सरळ रेषेत भुवईची सुरुवात, बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर सर्वांत उंच जागा, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिरक्या रेषेत टोक. मग मला उठवून बसवले, कारण आडवे पडल्यावर चेहऱ्याची त्वचा कानाकडे ओढली जाते आणि झोपून काढलेल्या भुवया उभे राहिल्यावर तशा दिसत नाहीत. मला हसायला, कपाळाला आठ्या घालायला आणि डोळे मिटायला सांगितले. माझी उजवी भुवई बोलताना डावीपेक्षा वर जाते, हे मला सेहेचाळीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मी टोक थोडे अधिक वर चढवून मागितले होते. त्यांनी नकार दिला आणि कारणही दिले: वयाबरोबर त्वचा खाली उतरते आणि आज वर चढलेले टोक पाच-सहा वर्षांनी चेहऱ्यावर भलतीकडेच दिसते. तीन वेळा रेखाटन पुसून चौथ्या वेळी मी होकार दिला. ही सेवा घेणाऱ्याने आपला हक्क येथे पुरेपूर बजावावा. रेखाटन मनासारखे होईपर्यंत होकार देऊ नये, संकोचही करू नये. सुई लागल्यानंतर सांगण्यासारखे फार थोडे उरते.

मग बधिर करणारे लिग्नोकेनचे मलम लावून अर्धा तास वर प्लास्टिकची पातळ पट्टी ठेवली. सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडले. त्यावरची निर्जंतुकीकरणाची खूण आणि मुदतीची तारीख मी चष्मा लावून वाचली. रंग छोट्या एकदा वापरायच्या वाटीत काढला, यंत्राच्या दांड्यावर आणि वायरीवर प्लास्टिकचे आवरण चढवले, आणि काम संपल्यावर सुई टोकदार कचऱ्याच्या डब्यात गेली. या साऱ्याकडे मी शिक्षिकेच्या नजरेने पाहत होते, आणि त्यांनी त्याचे वाईट वाटून घेतले नाही. कावीळ ब आणि क, तसेच एचआयव्ही यांचा संसर्ग पुन्हा वापरलेल्या सुईतून होऊ शकतो. म्हणून येथे भीड धरू नये. दुखण्याचे म्हणाल तर उजवीकडे फक्त खरवडल्यासारखे वाटले, आणि डावीकडे, जिथे केसच नव्हते तिथे, सुईची टोचणी जाणवत होती. यंत्राची गुणगुण भुंगा कानापाशी घोटाळावा तशी दीड तास चालू होती. आरसा हातात दिला तेव्हा मी चमकले. भुवया लालसर सुजलेल्या आणि कोळशासारख्या गडद होत्या. हे अपेक्षित असते हे मला माहीत होते, तरीही रिक्षातून घरी येताना मी पदर कपाळावर ओढून घेतला.

बरे होण्याचे दिवस हा या सेवेचा असा भाग आहे की ज्याबद्दल जाहिरातीत एक शब्दही नसतो. पहिल्या दिवशी भुवईतून पाण्यासारखी लस येते. ती दर तासाला निर्जंतुक कापसाने टिपावी लागते, नाहीतर तिची जाड खपली धरते आणि खपलीसोबत रंगही सुटतो. दहा दिवस चेहऱ्यावर थेट पाणी नाही. मी ओल्या पंचाने गाल आणि हनुवटी पुसत होते आणि आंघोळ मानेखालून करत होते. केसांना तेल लावणे बंद, कारण कपाळावर उतरलेले तेल भुवईत जाते. कुकरची शिट्टी होताना आणि फोडणी देताना चेहऱ्यावर वाफ येऊ देऊ नका, असे ताईंनी बजावले होते; ते सासूबाईंनी इतके मनावर घेतले की आठ दिवस त्यांनी मला गॅसपाशी फिरकूच दिले नाही. पाचव्या दिवशी खाज सुटली. सहाव्या सकाळी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी कोंड्यासारखे कण पडलेले होते. तेराव्या दिवशी आरशात पाहिले तर भुवई जवळजवळ दिसतच नव्हती, आणि मी घाबरून ताईंना फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितले की वरची नवी त्वचा अजून धुरकट आहे, ती निवळू द्या. तसेच झाले. चौथा आठवडा संपता संपता रंग परत वर आला, पहिल्या दिवसाच्या निम्म्याहून कमी गडद आणि मला हवा होता तसाच. मधल्या त्या दोन आठवड्यांत अनेक स्त्रिया काम फसले असे समजून दुसरीकडे जातात आणि बऱ्या न झालेल्या त्वचेवर पुन्हा सुई चालवून घेतात. तसे कोणी करू नये.

सहा आठवड्यांनी दुसरी बैठक झाली. डाव्या टोकाजवळ दोन ठिकाणी रंग धरला नव्हता, तो भरला. दोन्ही बैठकांचे मिळून बावीस हजार रुपये घेतले. दुसरी बैठक त्यात धरलेली आहे की वेगळी, हे आधीच विचारून घ्यावे, कारण एकाच बैठकीत काम पुरे होणे विरळाच.

रोजच्या जगण्यात काय बदलले, ते आता सांगते. जूनमध्ये पहिल्या पावसात मी छत्रीशिवाय भिजत स्टेशनवरून घरी आले, टॉवेलने कपाळ खसाखसा पुसले आणि मग एकदम लक्षात आले की आपण पुसताना विचार केला नाही. ज्याच्या चेहऱ्यावरून काही गेलेले नाही त्याला या क्षणाची किंमत कदाचित कळणार नाही. मला त्या टॉवेलसाठी बावीस हजार रुपये अधिक वाटत नाहीत.

काही गोष्टी मात्र कोणी आधी सांगितल्या नाहीत. गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिरात मी दरवर्षी रक्त देते. गेल्या वर्षी अर्जावर गोंदणाचा रकाना होता, मी खरे लिहिले, आणि तेथील डॉक्टरांनी सुई लागल्यापासून बारा महिने थांबायला सांगितले. नियम योग्यच आहे, पण केंद्राने तो सांगायला हवा होता. नोव्हेंबरमध्ये मानेच्या दुखण्यासाठी एमआरआय करावा लागला. रंगातील लोहामुळे क्वचित त्या जागी चुरचुर होते किंवा सूज येते, आणि डोळ्याजवळच्या रंगामुळे चित्रात दोष येऊ शकतो, म्हणून तंत्रज्ञाला आधी सांगावे लागते. मी सांगितले, मला काहीच जाणवले नाही. केवळ भुवया रंगवल्या म्हणून गरजेची तपासणी कोणी टाळू नये, पण सांगायला विसरूही नये.

दहाव्या महिन्यापासून डाव्या भुवईचे टोक तांबूस दिसू लागले. तपकिरी रंग हा काळ्या, पिवळ्या आणि तांबड्या कणांचे मिश्रण असतो आणि हे कण सारख्या वेगाने फिके पडत नाहीत. इतर रंग आधी गेले की लाल मागे उरतो. रोज दुपारी पश्चिमेच्या उन्हात चालत घरी येणे मला भोवले असावे. जखम भरल्यानंतर भुवईवरही सनस्क्रीन लावा, हे केंद्राने दिलेल्या सूचनापत्रात होते, पण मी पाळले नाही. ती चूक माझी.

केंद्राच्या चुकाही लिहिणे भाग आहे. सूचनापत्र केवळ इंग्रजीत होते. ठाण्यासारख्या शहरात, जिथे येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायका आपसांत मराठीत बोलत होत्या, तिथे जखमेची काळजी कशी घ्यावी हे मराठीत छापून देणे अवघड नाही आणि अनावश्यक तर नाहीच. पावतीवर वापरलेल्या रंगाचे नाव, छटा आणि बॅच क्रमांक लिहिलेला नव्हता. मी आग्रह धरून बाटलीचे छायाचित्र काढले. पुढे ॲलर्जी उद्भवली किंवा लेझर करायची वेळ आली तर डॉक्टरांना हीच माहिती लागते, आणि ती गिऱ्हाइकाने मागून घ्यावी लागू नये. सर्वांत खटकले ते संमतीपत्र: त्यात माझी छायाचित्रे समाजमाध्यमांवर वापरण्याच्या चौकटीत आधीच बरोबरची खूण छापलेली होती. मी ती खोडून सही केली. आजारामुळे गेलेली भुवई दाखवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

या सेवेचे उपयोग भुवईच्या शोभेपुरते नाहीत, हे मला माझ्या मावशीमुळे आधीच ठाऊक होते. स्तनाच्या कर्करोगासाठी तिचा एक स्तन काढावा लागला. पुनर्रचनेची शस्त्रक्रिया झाल्यानंतर, व्रण पूर्ण मुरल्यावर, स्तनाग्राभोवतालचे वर्तुळ याच तंत्राने छायाप्रकाश देऊन रंगवले गेले. त्वचा सपाटच असते, पण पाहणाऱ्याला उठाव दिसतो. मावशी साठीची आहे आणि तिने ते कोणाला दाखवण्यासाठी केलेले नाही. “आंघोळ करताना खाली बघवतं आता,” एवढेच ती आईला म्हणाली. ओठांवरील कोडाच्या डागांवरही त्वचारोगतज्ज्ञ हे करतात. मात्र कोड किमान वर्षभर स्थिर असले पाहिजे, कारण सक्रिय कोडात सुईने झालेल्या जखमेवरच नवा डाग उमटू शकतो. हे काम ब्यूटी पार्लरमध्ये कदापि करू नये. दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर तुटलेली ओठाची कड जोडून दाखवणे, डोक्यावरील जुन्या वणाच्या जागी केसांच्या मुळांसारखे ठिपके भरणे, हात थरथरतात किंवा दृष्टी मंदावली आहे अशा वयस्कर स्त्रीला रोजच्या काजळ-पेन्सिलीतून मोकळे करणे, हे सारे याच सुईचे काम आहे.

पापणीच्या कडेला कायमचे आयलायनर मात्र मी करून घेतले नाही आणि घेणारही नाही. १९८४ साली अमेरिकेतील नेत्रशल्यविशारद जिओरा अँग्रेस यांनी ही पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तेव्हापासून ती रूढ आहे. पण पापणीची त्वचा अतिशय पातळ असते, रंग तिच्यात पसरतो, आणि पापणीच्या कडेलाच अश्रूंना तेल पुरवणाऱ्या ग्रंथींची तोंडे असतात. ज्यांचे डोळे कोरडे पडतात त्यांनी तरी नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकडे वळू नये. ओठ रंगवून घेणाऱ्यांनी, ज्यांना तापानंतर ओठांवर पुरळ उठते त्यांनी, ते आधी सांगावे. सुईने त्या पुरळाचा, म्हणजे हर्पीसचा, विषाणू पुन्हा जागा होऊ शकतो आणि डॉक्टर त्यासाठी आधीपासून गोळ्या देतात. आपल्याकडच्या गडद ओठांवर थेट गुलाबी रंग घातला तर तो जांभळट दिसतो, म्हणून आधी नारिंगी छटेने मूळ रंग निवळवावा लागतो आणि बैठका वाढतात. एका बैठकीत गुलाबी ओठ देण्याची जाहिरात दिसली तर तिकडे फिरकू नये.

पुढच्या महिन्यात मी त्याच ताईंकडे रंग ताजा करायला जाणार आहे. त्याचे आठ हजार रुपये ठरले आहेत. या वेळी दोन गोष्टी मी आधीच कळवल्या: डाव्या टोकाचा तांबूसपणा थंड, म्हणजे लालपणा मारणाऱ्या, छटेने निवळवायचा, आणि पावतीवर रंगाचा बॅच क्रमांक लिहून हवा. ताईंनी होकार कळवला आहे, आणि मराठी सूचनापत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला आहे. ‘खपली काढू नका’ हे वाक्य त्यांनी अगदी शेवटी घातले होते. मी ते सर्वांत वर घेतले.